स्थानिक लेखक कोण? प्रादेशिक वाङ्मयपुरस्कार आणि पात्रतेचे कलम

१. प्रश्नाची मांडणी

लखनौच्या दक्षिणेस, कानपूर मार्गावर, अमौसी विमानतळाच्या परिसरातील भाग सरोजिनीनगर या नावाने ओळखला जातो. हे नाव ज्यांचे, त्या सरोजिनी नायडू स्वातंत्र्यानंतर संयुक्त प्रांताच्या पहिल्या राज्यपाल झाल्या आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौ येथेच निवर्तल्या. त्यांचा जन्म १८७९ मध्ये हैदराबादला झाला. माहेर बंगाली, सासर तेलुगुभाषी आणि काव्यलेखनाची भाषा इंग्रजी. समजा, स्थानिक साहित्यिकांच्या गौरवासाठी एखाद्या संस्थेने पुरस्कार ठेवला असता, तर सरोजिनीबाईंचे नाव कोणत्या गावच्या संस्थेने पुढे करावयास हवे होते? जन्म पाहिला तर हैदराबादने, भाषिक वारसा पाहिला तर बंगालने, अखेरचे वास्तव्य पाहिले तर लखनौने. आणि लेखनाची भाषा हाच निकष मानला, तर यांपैकी कोणालाच हक्क सांगता येणार नाही.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. स्थानिक लेखकांना पुरस्कार देणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो नियमावलीच्या पहिल्याच पानावर सोडवावा लागतो. 'पुरस्कारासाठी पात्र कोण' या कलमात त्याचे उत्तर असते. आपल्या वाङ्मयेतिहासात पुरस्कारांचा उल्लेख प्रायः दोन प्रकारे येतो. लेखकाच्या परिचयाच्या अखेरीस सन्मानांची यादी म्हणून किंवा साहित्यसंस्थांच्या राजकारणाची चर्चा म्हणून. या दोहोंमध्ये पात्रतेचे कलम न वाचलेलेच राहते. प्रादेशिक पुरस्कार आधीपासून अस्तित्वात असलेल्या स्थानिकतेचा सन्मान करतो, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ती स्थानिकता कोणती हे तो ठरवीत असतो, आणि त्या ठरवण्याचे परिणाम ग्रंथालयातील खरेदी, अभ्यासक्रम व वाङ्मयेतिहास यांवर दीर्घकाळ टिकतात, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते एका लहानशा अनुभवामुळे. काही वर्षांपूर्वी एका जिल्हापातळीवरील पुरस्काराच्या निवड समितीवर काम करण्याचा प्रसंग आला. आलेल्या काव्यसंग्रहांत एक संग्रह निःसंशय सरस होता. कवीचे शिक्षण त्याच जिल्ह्यात झाले होते, कवितेतली बोली त्याच तालुक्याची होती. परंतु नोकरीनिमित्त तो मोठ्या शहरात राहत होता. कार्यालयातून पुस्तक परत आले तेव्हा त्यावर 'जिल्ह्याबाहेरील' असा शेरा होता. त्या वर्षीचा पुरस्कार जिल्ह्यात बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या पुस्तकास मिळाला. त्या पुस्तकाचा जिल्ह्याशी काहीही संबंध नव्हता. नियमाचा भंग कोणीच केला नव्हता, ही यातील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

२. पात्रतेचे चार आधार

स्थानिकता ठरविण्याचे आधार ढोबळमानाने चार दिसतात : जन्म, निवास, भाषा आणि विषय. व्यवहारात संस्था यांपैकी एक किंवा दोन स्वीकारतात व उरलेले सोडून देतात. लखनौमधील उदाहरणांवरून हे आधार चांगले स्पष्ट होतात.

उत्तर प्रदेश शासनाने १९७६ मध्ये लखनौ येथे उत्तर प्रदेश हिंदी संस्थानाची स्थापना केली. 'भारत भारती' हा या संस्थानाचा सर्वोच्च सन्मान. संस्थान एका राज्याचे असले, तरी त्याच्या सन्मानांचा मुख्य आधार भाषा हा आहे. याची उत्तम साक्ष 'सौहार्द सम्मान' या नावाच्या सन्मानात मिळते. ज्यांची मातृभाषा हिंदी नाही, अशा भाषकांच्या हिंदीसेवेसाठी तो दिला जातो. म्हणजे लेखक मराठी, तमिळ किंवा बंगाली घरातला असू शकतो. लखनौशी त्याचा संबंध हिंदीपुरता असतो. येथे भाषा हाच जणू पत्ता मानला आहे. याच संस्थानाच्या सन्मानांमध्ये मधु लिमये यांच्या नावाचाही एक सन्मान आहे. लिमये पुण्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे, बिहारमधून लोकसभेवर निवडून गेलेले आणि इंग्रजी, हिंदी व मराठी अशा तिन्ही भाषांत लिहिणारे. त्यांची स्थानिकता कोणत्या एका निकषाने सांगता येईल?

विषय हा आधार त्याहून वेगळा. 'राग दरबारी' (१९६८) या कादंबरीचे लेखक श्रीलाल शुक्ल यांचा जन्म १९२५ मध्ये लखनौ जिल्ह्यातील अतरौली या गावी झाला. या कादंबरीला १९६९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये इफको या खत उत्पादक सहकारी संस्थेने त्यांच्या नावाने एक सन्मान सुरू केला. ग्रामीण व कृषिजीवनाचे चित्रण करणाऱ्या हिंदी लेखकांसाठी तो आहे. पहिला सन्मान विद्यासागर नौटियाल यांना, म्हणजे टिहरी-गढवालच्या पहाडातील लेखकास मिळाला. अवधच्या सपाट मुलखातील लेखकाच्या नावाचा सन्मान हिमालयातील लेखकाकडे गेला, आणि तरीही त्यात विसंगती वाटत नाही. कारण येथे भूमीचा अर्थ जिल्हा असा नसून शेतीवर जगणारे गाव असा आहे.

भाषेच्या आधाराची दुसरी बाजूही लखनौच्याच परिसरात दिसते. विसाव्या शतकातील अवधी काव्याच्या संदर्भात बलभद्रप्रसाद दीक्षित 'पढीस', वंशीधर शुक्ल आणि चंद्रभूषण त्रिवेदी 'रमई काका' ही तीन नावे एकत्र घेतली जातात. हे तिन्ही कवी जन्माने, निवासाने, विषयाने आणि बोलीने या प्रदेशाचे होते. चारही निकषांवर पूर्णपणे स्थानिक म्हणावेत असे लेखक क्वचितच सापडतात. परंतु साहित्य अकादेमीने मान्य केलेल्या २४ भाषांत अवधी नाही. मैथिली आणि राजस्थानी यांना तेथे स्वतंत्र स्थान आहे. अवधी हिंदीच्या अंतर्गत राहिली. अकादेमीने मान्यतेबाहेरील भाषांसाठी १९९६ मध्ये 'भाषा सम्मान' सुरू केला, तरी वार्षिक मुख्य पुरस्कारासाठी अवधी कवीला हिंदी कवी म्हणूनच उभे राहावे लागते. 'भाषा' हा निकष वाटतो तितका नैसर्गिक नसतो, हे यावरून लक्षात यावे. कोणती बोली भाषा मानावयाची, हा निर्णय पुरस्काराच्या आधी कोठेतरी झालेला असतो.

या निर्णयाचे परिणाम मराठीच्या संदर्भात पाहण्यासाठी दोन प्रदेश विचारात घेऊ. विदर्भात भाषा एक आणि प्रदेशाची जाणीव वेगळी आहे. गोव्यात प्रदेश एक आणि भाषा दोन आहेत.

३. विदर्भ : पुरस्कारांच्या नावांतून उभी राहिलेली परंपरा

विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, अमरावती येथे झाली. पुढे संघाचे मुख्य कार्यालय नागपूरला आले. त्या काळी हा भाग मध्यप्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांतात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. पुण्या-मुंबईच्या साहित्यव्यवहारापासून दूर असलेल्या, आणि हिंदीशी रोजचा शेजार असलेल्या मराठी लेखकांना स्वतःची संस्था हवी होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, परंतु वेगळ्या साहित्यिक अस्तित्वाची ही जाणीव ओसरली नाही. संघाचे वाङ्मयपुरस्कार तिचीच एक अभिव्यक्ती होत. येथे भाषा हा निकष निरर्थक ठरतो, कारण ती सर्वांची एकच आहे. उरतात ते जन्म आणि निवास.

संघाच्या पुरस्कारांना दिलेली नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. पु. य. देशपांडे, शरच्चंद्र मुक्तिबोध, तसेच कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे या दांपत्याची नावे जोडून झालेले 'कुसुमानिल' ही नावे एका ओळीत ठेवली की वैदर्भी परंपरेचा एक आराखडा तयार होतो. नव्या लेखकाला पुरस्कार मिळतो तेव्हा तो या आराखड्यात जोडला जातो. मराठीच्या सर्वसाधारण इतिहासात अनिलांची नोंद मुक्तछंदाचे आणि दशपदीचे कवी म्हणून होते, कुसुमावतींची नोंद समीक्षक व कथाकार म्हणून होते. पुरस्काराच्या नावात मात्र त्या दोघांची नोंद एका प्रदेशाचे पूर्वज म्हणून होते.

यांपैकी शरच्चंद्र मुक्तिबोधांचे उदाहरण तौलनिक अभ्यासकास विशेष बोलके वाटेल. मुक्तिबोधांचे घर मराठी, परंतु वाढलेले माळव्यात. थोरले बंधू गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ मध्ये तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. ते हिंदीत लिहू लागले आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक केंद्रस्थान बनले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहू लागले व मराठी नवकवितेत आणि मार्क्सवादी सौंदर्यविचारात त्यांनी स्वतःचे स्थान निर्माण केले. दोघेही काही काळ नागपुरात होते. थोरले १९५८ मध्ये राजनांदगावला गेले, धाकटे नागपूरचेच झाले. शरच्चंद्रांना 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. गजानन माधवांचे १९६४ मध्ये निधन झाले, आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा संग्रह पुस्तकरूपाने आला तोही त्यानंतर.

जन्म हा निकष लावला, तर दोघेही वैदर्भी नाहीत. निवासाचा निकष लावला, तर दोघेही काही अंशी वैदर्भी आहेत. भाषेचा निकष लावला की एकाच घरातील दोन भाऊ दोन निरनिराळ्या वाङ्मयांत जाऊन पडतात. विदर्भाच्या मराठी परंपरेत शरच्चंद्रांचे नाव पुरस्काररूपाने टिकले, हे योग्यच झाले. परंतु नागपूर या शहराने विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतीय कवितेला काय दिले, असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर केवळ मराठी पुरस्कारांच्या यादीतून मिळणार नाही, तसे केवळ हिंदीच्या यादीतूनही मिळणार नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या तरच नागपूर दिसते.

४. गोवा : एक भूमी, दोन भाषा आणि लेखकाचे दोन भाग

गोव्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे दोन भाषा दोन भावांत वाटल्या गेल्या नाहीत. एकाच लेखकात त्या एकत्र नांदत होत्या. मागे उल्लेखिलेले मधु लिमये १९५५ च्या सत्याग्रहात गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज तुरुंगात राहिले. त्या काळातील गोव्यात हिंदू घरांतून बोलण्याची भाषा कोंकणी आणि लेखन-वाचनाची, कीर्तन-नाटकाची भाषा बहुतांशी मराठी, अशी व्यवस्था होती. ख्रिस्ती समाजात रोमी लिपीतील कोंकणीची स्वतंत्र आणि सकस परंपरा होती. १९६१ च्या मुक्तीनंतर गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि विलीनीकरण नाकारले गेले. त्यामुळे भाषेचा प्रश्न राजकीय अस्तित्वाशी कायमचा जोडला गेला. २६ फेब्रुवारी १९७५ रोजी साहित्य अकादेमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी गोव्याची राजभाषा झाली व शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद करण्यात आली. १९९२ मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

या क्रमात पुरस्काराचे स्थान कोठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. अकादेमीची मान्यता राजभाषा कायद्याच्या १२ वर्षे आधी आणि आठव्या अनुसूचीच्या १७ वर्षे आधी आली. म्हणजे कोंकणीला साहित्याने दिलेला दर्जा पुढे कायद्याने उचलून धरला. रवींद्र केळेकरांच्या 'हिमालयांत' या प्रवासग्रंथाला १९७७ मध्ये कोंकणीसाठीचा पहिला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, तेव्हा तो केवळ एका पुस्तकाचा गौरव नव्हता. जिला दीर्घकाळ मराठीची बोली म्हटले गेले, तिच्यात स्वतंत्र ग्रंथवाङ्मय आहे, याचा तो सार्वजनिक दाखला होता. पुढे केळेकरांना २००६ चा आणि दामोदर मावजो यांना २०२१ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कोंकणी भाषकांच्या दृष्टीने या पुरस्कारपरंपरेचे मोल किती मोठे आहे, हे मराठीच्या अभ्यासकाने प्रथम मनापासून मान्य केले पाहिजे. तसे न करता पुढील मुद्दा मांडला, तर तो जुन्या वादाचीच पुनरावृत्ती ठरेल.

पुढील मुद्दा असा. बा. भ. बोरकर यांचा जन्म १९१० चा. 'जीवनसंगीत', 'दूधसागर' यांसारख्या संग्रहांमुळे ते मराठीतील अग्रगण्य कवी ठरले. कोंकणीतही त्यांनी तितक्याच आत्मीयतेने लिहिले. साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांना मिळाला तो १९८१ मध्ये, 'सासाय' या कोंकणी काव्यसंग्रहासाठी. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथेत गोमंतकीय जीवन आणणारे महत्त्वाचे कथाकार. त्यांना १९८२ चा पुरस्कार मिळाला तो कोंकणी लेखनासाठी. शंकर रामाणी यांची मराठी कविता जाणकारांच्या मनात घर करून राहिली आहे. त्यांनाही १९९६ मध्ये अकादेमीचा पुरस्कार कोंकणी कवितेसाठीच मिळाला. हे तिन्ही सन्मान सर्वथा उचित होते. पण या यादीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. अकादेमीच्या मराठी यादीवरून मराठी कवितेचा इतिहास समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याला बोरकर किंवा रामाणी तेथे भेटत नाहीत. कोंकणी यादीवरून समजून घेणाऱ्याला ते भेटतात, परंतु त्यांच्या लेखनाचा एक भाग वजा करून. एक लेखक दोन याद्यांमध्ये विभागला गेला, आणि एका यादीत त्याची नोंदच झाली नाही.

महाबळेश्वर सैल यांचे उदाहरण याहून अलीकडचे आहे. त्यांचा जन्म १९४३ मध्ये कारवारजवळील माजाळी येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला. कर्मभूमी गोवा. त्यांनी कोंकणीत आणि मराठीत सारख्याच ताकदीने लिहिले. १९९३ मध्ये 'तरंगां' या कोंकणी कथासंग्रहासाठी त्यांना साहित्य अकादेमी पुरस्कार आणि 'हावठण' या कोंकणी कादंबरीसाठी २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. पोर्तुगीज काळातील धर्मांतराच्या आपत्तीवरील त्यांची कादंबरी मराठीत 'तांडव' आणि कोंकणीत 'युग सांवार' अशा दोन रूपांत आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास याहून मौल्यवान सामग्री कोणती? एकाच लेखकाने एकच आशय दोन सख्ख्या भाषांत मांडला की वाक्यरचना, संबोधने, धार्मिक शब्दसंपदा यांत काय बदलते, हे येथे प्रत्यक्ष तपासता येते. परंतु पुरस्काराच्या चौकटीत एका वेळी एका भाषेतील एकच ग्रंथ येतो. दोन रूपांमधील संबंध हा त्या चौकटीचा विषयच होऊ शकत नाही.

याउलट गोव्यातील कला अकादमीने (स्थापना १९७०) कोंकणी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील ग्रंथांना पुरस्कार दिले. येथे आधार भूमीचा होता; भाषा हा त्या अंतर्गत विभाग होता. दोन्ही पद्धतींतील फरक वरवर किरकोळ वाटेल. परंतु भूमीच्या आधारावरील यादीत गोमंतकीय लेखक आपल्या शेजारी लेखकासमवेत दिसतो, आणि भाषेच्या आधारावरील यादीत तो मंगळूर किंवा पुणे येथील लेखकासमवेत दिसतो. पहिल्या यादीतून गोव्याचा वाङ्मयेतिहास लिहिता येतो, दुसरीतून भाषेचा. दोन्ही हवेत, आणि एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

भाषेच्या आत लिपीचाही एक निकष दडलेला आहे. देवनागरीला प्रमाण मानल्यामुळे रोमी लिपीत लिहिणाऱ्या गोमंतकीय लेखकांना आपण आपल्याच भूमीत पुरस्कारांपासून वंचित राहतो, असे सातत्याने वाटत आले आहे. मंगळूरच्या मेल्विन रॉड्रिग्ज यांना २०११ मध्ये कोंकणी कवितेसाठी अकादेमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या परिसरात कोंकणी कन्नड लिपीत लिहिली जाते. म्हणजे भाषेचा परीघ गोव्याबाहेर दक्षिण कर्नाटकापर्यंत जातो. मात्र पणजी-मडगावच्या रोमी लिपीतील लेखकास त्या परिघात शिरण्यासाठी आधी लिप्यंतर करावे लागते. स्थानिकतेच्या व्याख्येत अंतर किलोमीटरमध्ये मोजले जात नाही, असे म्हणावेसे वाटते.

५. स्थानिकांमधील स्थानिक : निवड, नकार आणि सत्ता

पात्रतेचे कलम पार केल्यानंतरही स्थानिकतेचा प्रश्न संपत नाही. एकाच भूमीवरील, एकाच भाषेतील, एकाच लिपीतील लेखकांमध्येही कोणाचा आवाज त्या प्रदेशाचा मानावयाचा, हा प्रश्न उरतो. विष्णू सूर्या वाघ यांच्या 'सुदिरसूक्त' (२०१३) या कोंकणी काव्यसंग्रहाच्या बाबतीत तो उघडपणे समोर आला. वाघ कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांतील कवी-नाटककार, पत्रकार आणि पुढे आमदार. या संग्रहात त्यांनी बहुजनांच्या दृष्टीने जातिव्यवस्थेवर आणि उच्चवर्णीय वर्चस्वावर प्रखर टीका केली. २०१७ मध्ये गोवा कोंकणी अकादमीच्या पुरस्कारासाठी या संग्रहाची निवड झाल्याची बातमी अधिकृत घोषणेपूर्वीच बाहेर आली. अश्लीलतेचा आणि एका ज्ञातीच्या बदनामीचा आक्षेप घेतला गेला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, आणि अकादमीने त्या फेरीतील सर्वच पुरस्कार रद्द केले. २०१९ मध्ये वाघ यांचे निधन झाले.

या घटनेत अभ्यासकाने लक्षात घ्यावयाची बाब अशी की पुस्तक पात्रतेच्या कोणत्याही कलमात अडकले नव्हते. कवी गोव्याचा, भाषा कोंकणी, लिपी देवनागरी, विषय गोमंतकीय समाज. चारही आधार पूर्ण झाले असतानाही हा आवाज आमचा आहे काय, हा प्रश्न वर आला. मराठीच्या बोलीपणाच्या आरोपातून कोंकणीला मुक्त करण्यासाठी ज्या पुरस्कारव्यवस्थेची मदत झाली, त्याच प्रकारच्या व्यवस्थेपुढे कोंकणीतील एका बहुजन कवीचा स्वर अडला, हा त्यातील खेदजनक भाग होय.

हा दोष कोणा एका भाषेचा नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये अनुवादित साहित्यासाठीचा राज्य पुरस्कार अनघा लेले यांना जाहीर केला. तो कोबाड गांधी यांच्या इंग्रजी आत्मकथनाच्या मराठी अनुवादासाठी होता. काही दिवसांतच शासननिर्णयाद्वारे तो रद्द करण्यात आला आणि निवड समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून अनेक साहित्यिकांनी राजीनामे दिले किंवा स्वतःचे पुरस्कार नाकारले. दोन्ही घटनांचे स्वरूप भिन्न आहे. एकीत समाजगटांचा दबाव दिसतो, दुसरीत शासनाचा. साम्य एवढेच की दोन्ही ठिकाणी तज्ज्ञांनी केलेली निवड नंतरच्या सत्तेने मागे घेतली, आणि निवड समितीने ते पुस्तक का निवडले होते, ही साहित्यिक चर्चा बाजूला पडली.

निवड समितीच्या कारणांची नोंद जपली जात नाही, ही आपल्या पुरस्कारव्यवहारातील मोठी उणीव आहे. वाद झाला की त्याची कात्रणे उरतात. वाद न झालेल्या वर्षांत काय बोलले गेले, कोणते पुस्तक थोडक्यात मागे पडले, कोणता निकष निर्णायक ठरला, हे पुढच्या पिढीस कळण्याचा मार्ग राहत नाही.

६. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनातून तौलनिक अभ्यासासाठी काही व्यावहारिक सूचना करता येतील.

पहिली, प्रत्येक प्रादेशिक पुरस्काराच्या नियमावलीची वर्षवार प्रत मिळवून ती संहिता म्हणून वाचावी. 'रहिवासी', 'मूळचा', 'वास्तव्य', 'या भाषेतील' हे शब्द कधी आले, कधी बदलले, हे पाहावे. नियमातील एका शब्दाचा बदल कित्येकदा प्रदेशाच्या आत्मप्रतिमेतील बदल असतो.

दुसरी, एका भूमीवरील निरनिराळ्या भाषांतील पुरस्कारांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. गोव्यासाठी मराठी व कोंकणी, नागपूरसाठी मराठी व हिंदी, हैदराबादसाठी उर्दू, तेलुगू व मराठी, बेळगावसाठी मराठी व कन्नड अशी मांडणी केल्यास द्विभाषिक लेखक हा अपवाद नसून या प्रदेशांचा स्वाभाविक नागरिक आहे, हे दिसू लागेल.

तिसरी, पुरस्कार ज्यांच्या नावाने दिले जातात, त्या नावांचा अभ्यास व्हावा. संस्था आपले पूर्वज निवडते, तेव्हा ती आपल्या परंपरेचा पहिला मसुदा लिहीत असते. त्यात कोणत्या जातीचे, कोणत्या तालुक्याचे, किती स्त्रियांचे नाव आहे, हे मोजण्यास फार साधने लागत नाहीत.

चौथी सूचना संस्थांसाठी आहे. पात्रतेचा आधार एकच न ठेवता जन्म, निवास, भाषा आणि विषय यांपैकी कोणताही एक पुरेसा मानला, तर स्थलांतरित लेखक हरवणार नाही. महाराष्ट्रातील खेड्यांतून, सीमाभागातून आणि कोकणातून आज लिहिणारी तरुण पिढी शिक्षणासाठी व पोटासाठी शहरांत आली आहे. तिची भाषा गावाची, अनुभव गावाचा, आणि पत्ता शहराचा आहे. केवळ पत्त्यावरून निर्णय घेतला, तर प्रदेशाचे सर्वांत ताजे लेखन त्या प्रदेशाच्याच नोंदीत येणार नाही. यासोबत निवड समितीने दोन-तीन पानांचे सकारण निवेदन प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला, तर पुरस्कार हा समीक्षेचाही एक भाग होईल.

आरंभी उल्लेखिलेला काव्यसंग्रह पुढे मला एका सार्वजनिक ग्रंथालयात पाहावयास मिळाला. तो त्या जिल्ह्यातील ग्रंथालयात नव्हता, कवी जेथे नोकरी करीत होता त्या शहरात होता. तेथील स्थानिक लेखकांच्या कपाटातही तो ठेवलेला नव्हता, कारण त्या शहराच्या लेखी कवी बाहेरगावचा होता. ग्रंथपालांनी तो 'इतर' या विभागात नोंदविला होता. ज्या तालुक्याची बोली त्या कवितांत जपली गेली आहे, तेथील वाचकांपर्यंत तो पोहोचावा, एवढ्यासाठी तरी पात्रतेचे कलम पुन्हा वाचले जाणे आवश्यक आहे.